कुर्ल्याची लॅब आणि वायोमिंगचा जबडा

मी डायनासोरची हाडं काढून आले असं सांगितलं की ओळखीतले लोक आधी म्हणतात, अगं तू तर कवळ्या बनवतेस ना, तुझा काय संबंध. संबंध आहे, आणि तो सांगायलाच आज लिहायला बसलेय, थोडं लांबेल.

माझी डेंटल लॅब आहे कुर्ला पश्चिमेला, बाबांनी सुरू केलेली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्याकडे येतं, आम्ही त्यात स्टोन, म्हणजे एक कडक प्लास्टर, ओतून मॉडेल काढतो आणि त्यावर कवळी, ब्रिज, कॅप जे असेल ते बनवतो. सत्तावीस वर्षं हेच करतेय. लेक अमेरिकेत शिकते, तिचा विषय कॉम्प्युटर, पण तिला कुठेतरी कळलं की उन्हाळ्यात वायोमिंगमध्ये एका खाजगी रँचवर बदकाच्या चोचीच्या डायनासोरची हाडं काढायला माणसं हवी आहेत, शिकलेली नसली तरी चालतील, हात स्थिर हवा. रात्री साडेअकराला तिचा फोन, आई, हात स्थिर हवा म्हणतायत, तुझ्याइतका स्थिर हात मी कोणाचा बघितलेला नाही, येतेस का. मी आधी नाही म्हटलं, मग रात्रभर झोपले नाही, सकाळी हो म्हटलं.

तर हे प्राणी म्हणजे हॅड्रोसॉर. तोंडाचा पुढचा भाग चपटा आणि रुंद, म्हणून बदकचोच. आम्ही काढत होतो तो एडमॉन्टोसॉरस, मोठा झाला की बेस्टच्या बसइतका लांब होणारा, पालापाचोळा खाणारा, कळपाने राहणारा, आणि साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले तेव्हा जे अगदी शेवटपर्यंत टिकून होते त्यातला एक. पूर्व वायोमिंगमधल्या ज्या खडकात तो सापडतो त्याला लान्स फॉर्मेशन म्हणतात. मुंबईहून निघताना सगळीकडे पाणी आणि चिखल, तिथे पोचल्यावर बघते तर लांबच लांब करडी उघडी टेकाडं, खुरटं गवत, निवडुंग, दुपारी अंगाची लाही लाही, आणि संध्याकाळी अचानक वीज कडाडून वादळ. पाऊस पडला की तिथली माती साबणासारखी होते, बुटाला दोन-दोन किलो चिकटते, गाडी जागची हलत नाही. त्या दिवशी काम बंद, हाडांवर ताडपत्री टाकून तंबूत बसायचं.

पहिल्या सकाळी टीमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना हत्यारांचा एकेक ट्रे दिला आणि माझ्या घशात एकदम काहीतरी दाटून आलं, कारण त्या ट्रेमध्ये अर्ध्याहून जास्त सामान माझ्या ड्रॉवरमधलं होतं. डेंटल पिक, कार्व्हर, बारीक चमचा, ब्रश, आणि शेवटच्या टेबलावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोण्या. बाबा असते तर त्यांना त्याच रात्री फोन करून सांगितलं असतं.

हाड ओळखायचं कसं हे पहिले दोन दिवस शिकवलं. उतारावरून खाली मान घालून चालायचं, वरून वाहून आलेले तुकडे दिसले की त्यांचा माग काढत चढावर जायचं, जिथे तुकडे यायचे थांबतात त्याच्या जरा वर हाड असतं. दगड आणि हाड सारखेच तपकिरी दिसतात, पण तुटलेल्या बाजूला हाडाला पावासारखी जाळी असते, आणि तरीही शंका असेल तर जिभेला लावायचं, हाड असेल तर चिकटतं कारण ती बारीक छिद्रं ओल ओढून घेतात. आमच्याकडे प्लास्टरचं कोरडं मॉडेल ओठाला लागलं की असंच ओढतं, त्यामुळे मला ते चिकटणं लगेच कळलं. आणि काड्या! पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ, लांब रेघांच्या काड्या जागोजागी पडलेल्या, मला वाटलं लाकूड असेल, तर ते स्नायूबंध निघाले, या प्राण्यांच्या पाठीच्या कण्याला धरून असलेले स्नायूबंध जिवंतपणीच हाडासारखे कडक व्हायचे. बांबूच्या कामट्यांसारखे ते कण्याच्या दोन्ही बाजूंना जाळीने बसवलेले असायचे, त्यामुळे पाठ आणि शेपूट ताठ राहायची.

आता दातांचं सांगते, कारण तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातात पहिला दात आला आणि मी बहुतेक पाच मिनिटं काहीच बोलले नाही. करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा, समोरून बघितलं तर शंकरपाळ्याच्या आकाराचा, मधोमध एक उभी धार, त्या बाजूचं इनॅमल अजून चकचकीत, उन्हात फिरवलं की चमकायचं. मागच्या बाजूला झिजून सपाट झालेला. मी रोज झिजलेले दात बघते, माणूस कुठल्या बाजूने चावतो, रात्री दात खातो का, हे मॉडेलवरच्या झिजेवरून मला पेशंट न बघता सांगता येतं, आणि इथे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या जेवणाची झीज माझ्या तळहातावर होती.

असा एकेक दात काहीच नाही. जबड्यात हे दात एकाला एक खेटून, एकावर एक रचलेले असतात, एका जागेवर तीन, चार, कधी पाच, आणि अशा जागा एका जबड्यात साठपर्यंत. वरचा दात झिजून गेला की खालचा तयारच. सगळे मिळून हजाराच्या घरात जातात. त्याला डेंटल बॅटरी म्हणतात. मला वाटायचं ते सगळे सिमेंटने चिकटवल्यासारखे एकसंध असतील, पण तसं नाही, २०१६ साली आलेल्या अभ्यासात दाखवलंय की ते एकमेकांना चिकटलेले नसून मधे बारीक लिगामेंटनी, म्हणजे लवचिक तंतूंनी, धरलेले असायचे, म्हणजे चावताना सगळी भिंत किंचित लवायची. आणि २०१२ च्या एका अभ्यासात त्या दातांत सहा वेगवेगळ्या प्रकारचे थर सापडले. आपल्या दाताला इनॅमल, डेंटिन, सिमेंटम, झालं. सहा थर म्हणजे प्रत्येक थर वेगळ्या वेगाने झिजणार, म्हणजे पृष्ठभाग कायम खरखरीत राहणार, टाकी लावलेल्या जात्यासारखा. आम्ही कवळीच्या दाढांना हाताने खाचा पाडून देतो ते याच कारणासाठी, अगदी सपाट दाढेने भाकरी चावली जात नाही. या प्राण्याला ते आपोआप मिळालेलं होतं, झिजत झिजतच धार येत होती. माझ्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा सुंदर वस्तू दाखवता येईल असं मला वाटत नाही.

तो दात मी हातात धरून बसलेय आणि बाई आल्या. त्यांनी विचारलं, कुठून काढलास. मी हाताने दाखवलं, इथून. त्या म्हणाल्या, इथून म्हणजे नक्की कुठून. मला सांगता येईना. चमच्याने माती सरकवताना तो निघाला, मी आनंदाने उचलला, खड्डा बुजला. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला ते मी बघितलं. मग त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. प्रत्येक हाडाला नंबर, हलवायच्या आधी फोटो, फोटोत उत्तर दिशेचा बाण, जीपीएसने जागा आणि खोली, लांब हाड असेल तर ते कुठल्या दिशेला तोंड करून पडलंय आणि किती कललंय, हे सगळं वहीत. नुसतं हाड दुकानात विकत मिळतं, त्या म्हणाल्या, आपल्याला ते कसं पडलं होतं ते हवंय.

मला २६ जुलै आठवला.

२००५ साली आमची लॅब तळमजल्यावर होती, मिठी नदीपासून फार लांब नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर पेपरात वाचलं, आम्हाला एवढंच माहिती की दुपारी तीनला उंबऱ्याशी असलेलं पाणी सहाला माझ्या गळ्याशी होतं. दोन दिवसांनी शटर उचललं. बाबांनी वीस वर्षांची मॉडेल्स जपून ठेवली होती, कपाटं भरभरून, प्रत्येकावर पेशंटचं नाव आणि डॉक्टरचं नाव पेन्सिलीने. जड फ्लास्क, म्हणजे कवळी दाबायचे धातूचे डबे, आणि मशिनं जिथल्या तिथे तळाशी, त्यावर मॉडेल्स, वॅक्सचे हलके तुकडे आणि मापाचे ट्रे सगळे वाहून एका कोपऱ्यात भिंतीला लागलेले, आणि या सगळ्यावर हातभर काळा गाळ. मॉडेल्स बरीचशी शाबूत होती. पण नावं गेली होती. बाबा एकेक हातात घेऊन धुवायचे, वळवून बघायचे आणि खाली ठेवायचे. दात आहेत पण कोणाचे ते नाही. पंधरा दिवस त्यांनी ओळख पटवायचा प्रयत्न केला, पन्नास-साठ ओळखली असतील, बाकीची गोण्यांत भरून टाकून द्यावी लागली. त्या गोण्या उचलणाऱ्या माणसाला ते म्हणाले, हळू उचल रे, माणसं आहेत ती.

वायोमिंगच्या त्या खड्ड्यात तेच होतं. एक अख्खा सांगाडा म्हणून काहीच नाही, शेकडो सुटी हाडं, मणके, बरगड्या, पायाची बोटं, सगळी एकमेकांत मिसळलेली. बाई सांगत होत्या की कळप मेला असणार, मांस कुजून हाडं सुटी झाली असणार, आणि नंतर चिखलाच्या लोंढ्याने ती इथे आणून टाकली असणार. हे कळतं कशावरून, तर जड हाडं तळाशी आणि हलकी वर आहेत त्यावरून, लांब हाडांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत त्यावरून. म्हणजे मी उचललेला तो दात माझ्यासाठी सुंदर होता पण त्या गोष्टीतून मी त्याला बाहेर काढून टाकलं होतं. माझ्या हाताने मी त्याचं नाव पुसलं होतं. त्या रात्री तंबूत मला फार वाईट वाटलं आणि लेकीला बाबांच्या गोण्यांची गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली, ती तेव्हा दोन वर्षांची होती.

अमेरिकेत हॅड्रोसॉरचा सांगाडा पहिल्यांदा नोंदला गेला तो न्यू जर्सीत हॅडनफील्डला, १८५८ साली, शास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी त्याला नाव दिलं, आणि १८६८ मध्ये फिलाडेल्फियाला तो उभा केला तेव्हा जगात कुठेही डायनासोरचा सांगाडा असा उभारलेला नव्हता. पण ज्याच्या शेतात तो निघाला त्या शेतकऱ्याला वीसेक वर्षं आधीच तिथे हाडं मिळाली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने ती देऊन टाकली गेली. ती परत आली नाहीत. आणि कॅनडातल्या अल्बर्टातून हाडं शोधणाऱ्या चार्ल्स स्टर्नबर्ग यांनी काढलेली बदकचोचींची हाडं १९१६ साली लंडनच्या म्युझियमसाठी जहाजाने निघाली होती, माउंट टेंपल नावाचं जहाज, ते जर्मन युद्धनौकेने डिसेंबरमध्ये बुडवलं. एवढं खणून, बांधून, नंबर घालून पाठवलेलं सगळं अटलांटिकच्या तळाला. मला हे वाचून अजून त्रास होतो.

कायद्याचं पण सांगते कारण इथे बऱ्याच जणांनी मला विचारलं की एखादं हाड आणलंस का. नाही आणलं. तिथे खाजगी जमिनीतलं हाड जमीनमालकाचं असतं, आमच्या रँचच्या मालकाने ती सगळी म्युझियमला द्यायचं ठरवलंय. सरकारी जमीन असेल तर परमिटशिवाय अशा हाडाला हात लावता येत नाही, २००९ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. माझा मामेभाऊ कॅलगरीत असतो, तो म्हणाला अल्बर्टात तर जमिनीतलं हाड सरकारच्याच मालकीचं, खणायला परमिट लागतं आणि परवानगीशिवाय ते प्रांताबाहेर नेता येत नाही. मला हे अगदी पटतं. आवड असणं वेगळं आणि खिशात घालणं वेगळं.

मुद्दाम हळू सांगते ते जॅकेटचं, म्हणजे हाड उचलण्याआधी त्याला घालतात त्या प्लास्टरच्या वेष्टणाचं. आठव्या दिवशी माझ्या वाट्याच्या खणायच्या चौकोनात एक बरगडी होती आणि ती माझ्या हातून तुटली. टोचा जरा जोरात गेला, टक् असा आवाज आला, तो आवाज पोर्सिलिनची कॅप तुटल्यासारखा, मला चांगला ओळखीचा. बाजूला एक सत्तरीचे आजोबा काम करत होते, बावीस वर्षं दर उन्हाळ्यात येतात, त्यांनी काही न बोलता गोंदाची बाटली पुढे केली. पॅरालॉइड बी-७२, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला, थेंब टाकला की भेगेत आपोआप ओढला जातो, आणि नंतर कोणाला काढायचा असला तर अ‍ॅसिटोनने परत विरघळतो. मग ते म्हणाले, वहीत लिहा, किती वाजता, कुठल्या जागी, कोणाकडून तुटलं. लिहिलं. नाव टाकून सही केली.

आणि त्या बरगडीच्या खालून जबडा निघाला. खालचा, डावा, दातांची बाजू मातीत. तो तसाच खडकासकट उचलायचा होता. आधी सगळ्या बाजूंनी चर खणून त्याला ओट्यासारखं उभं ठेवायचं, मग खालून कोरत कोरत अळंबीसारखा देठ ठेवायचा. बाई अंडरकट म्हणाल्या आणि मी हसले, आम्ही दिवसातून पन्नास वेळा हा शब्द म्हणतो, अंडरकट नीट नसला तर कवळी तोंडात बसत नाही, इथे अंडरकट नीट नसला तर जॅकेट उलटवताना माल खाली सांडतो. मग ओला टिश्यू पेपर, दोन-तीन थर, ब्रशने थापून थापून बसवायचा. का, तर प्लास्टर हाडाला चिकटू नये म्हणून. आमच्याकडे अ‍ॅक्रिलिक दाबायच्या आधी मॉडेलला कोल्ड मोल्ड सील लावतात ते ह्याचसाठी. मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून एकावर एक.

प्लास्टर कालवायला मला बसवलं. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीत पाणी नाही, ती आपोआप पाणी पिऊन खाली बसेपर्यंत थांबायचं, मग एका दिशेने हलवायचं, बुडबुडा येऊ द्यायचा नाही. तिथली हवा इतकी कोरडी की गोणीतली शेवटची पावडरसुद्धा पिठासारखी सुटी, आणि इथे पावसाळ्यात माझी गोणी चार दिवसांत सर्दावते, गुठळ्या होतात. मी कालवलेलं बघून आजोबा म्हणाले, हिला इथून उठू देऊ नका. अकरा दिवसांतलं हे माझं सगळ्यात मोठं बक्षीस.

पट्ट्या लावताना आजोबांनीच सांगितलं की ही पद्धत सुरू झाली तेव्हा प्लास्टर नव्हतं. १८७६ मध्ये मोंटानात हेच स्टर्नबर्ग, तेव्हा तरुण होते, त्यांनी तांदूळ शिजवून त्याची घट्ट पेज केली आणि कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून हाडांना गुंडाळल्या. तांदळाची खळ! माझी आजी नऊवारीला घालायची ती. पुढे १९०८ साली त्यांच्या मुलांना वायोमिंगमध्येच लस्क गावाच्या उत्तरेला कातडीच्या ठशांसकट जवळजवळ अख्खा एडमॉन्टोसॉरस मिळाला, वडील सामान आणायला गेलेले, पोरं उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढत होती. तो आता न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये आहे. लेकीने मला परत येताना दाखवला. काचेला हात लावून उभी राहिले, पोटावरच्या त्वचेचे बारीक गोल गोल खवले स्पष्ट दिसतात.

जॅकेटवर हात ठेवला की ते घट्ट होताना गरम लागतं, ती ऊब मला लहानपणापासून माहिती आहे. सुकल्यावर सहा जणांनी मिळून एक, दोन, तीन करून उलटवलं. काहीही सांडलं नाही. वर मार्करने नंबर, तारीख, उत्तरेचा बाण, जबडा, डावा. ते लिहायचं काम मी मागून घेतलं.

तिथे सगळे मला विचारायचे की तुमच्याकडे असे सापडतात का. बदकचोची भारतात सापडलेले नाहीत, त्या काळात भारत समुद्रात एकटा वाहत होता. पण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला लांब मानेच्या डायनासोरची हाडं मिळतात आणि त्यांची शेणं पण, २००५ मध्ये त्या शेणात गवताच्या खुणा सापडल्या, म्हणजे डायनासोरच्या काळात गवत होतं हे महाराष्ट्रातल्या शेणाने जगाला सांगितलं. हे मी सांगितलं तेव्हा आजोबांनी वहीत पिसदुरा लिहून घेतलं, देवनागरीत कसं लिहितात ते पण माझ्याकडून काढून घेतलं. आणि डेक्कन हा शब्द तर तिथे प्रत्येकाला पाठ, कारण हे प्राणी तिकडे चरत होते त्याच शेवटच्या काळात इकडे आपल्याकडे लाव्हा उसळत होता. अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे ना, काळा उभा खांबांचा कडा, वर गावदेवीचं देऊळ, तो त्याच लाव्हाच्या घराण्यातला. मी फोटो दाखवला, बाजूला टॉवर, खाली झोपड्या, आणि त्यांना विश्वास बसेना की लोक रोज त्याच्या खालून ऑफिसला जातात.

परत आल्यावर लॅबमध्ये एक बदल केला. पूर्वी नाव पेन्सिलीने मॉडेलच्या तळाला लिहायचो, आता स्टोन ओला असतानाच टोच्याने कोरतो, नाव, तारीख, डॉक्टर, वरचा की खालचा. पोरं कुरकुरली, ताई एवढा वेळ जातो. जाऊ दे म्हटलं.

आणि काल रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला. थंडीत म्युझियमच्या लॅबमध्ये जॅकेट उघडतात, आमचा नंबर आता लागला, ती सुट्टी काढून तिथे गेलीय. टिश्यू अजून चिकटलेला होता, मी थापलेला. तिने फोन जवळ नेला तर माती खरवडलेल्या जागेतून दातांच्या रांगा दिसत होत्या, शंकरपाळे एकावर एक, मी एकवीस जागा मोजल्या आणि पुढे अजून माती होती. तिने विचारलं, आई, नीट दिसतंय का. मी म्हटलं, दिवा समोरून नको मारू, सपाट दिसतं, डावीकडून तिरपा धर, धारा वर येतील. तिने धरला. मग मी म्हटलं, आता हलू नकोस, मला परत पहिल्यापासून मोजू दे.